उंबरठ्यावरची वात

सावलीनगरात सूर्य आपणहून कुणाच्या दारी येत नसे. त्याला आरशांनी खाली आणावे लागे.

बुध ग्रहावर भर दुपारी शिशाचे पाणी होईल असे ऊन. पण उत्तर ध्रुवाजवळच्या एका खोल विवराच्या तळाशी कोट्यवधी वर्षांत उन्हाचा कवडसाही पडला नव्हता. म्हणून तिथे बर्फ साचून राहिले होते. बर्फ म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे वस्ती. दोनशे माणसे त्या सावलीत घरे करून राहत होती. वर विवराच्या कड्यावर मात्र सूर्य क्षितिजाला टेकून सावकाश फिरे, पुरता असा मावळत नसे. तिथे मोठमोठे आरसे बसवून ऊन खाली उतरवायचे आणि वस्तीला ऊब नि वीज पुरवायची, हे गावाचे मुख्य काम. त्या आरशांच्या रांगेला सगळे आरसेमाळ म्हणत.

आरसेमाळेवर जाणाऱ्याला भय एकाच गोष्टीचे होते. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून, म्हणजे खग्रास ग्रहणात जो पांढरा किरीट दिसतो त्यातून, दिवसाकाठी शेकडो वेळा तापलेल्या वायूचे झोत सुटतात. कारंज्यासारखे उंच उडतात आणि दहा-वीस मिनिटांत विरून जातात. बहुतेक भलतीकडेच जात. पण सूर्यबिंबाच्या मध्यापासून थोडा पश्चिमेला एक पट्टा होता, तिथून निघणाऱ्या चुंबकी वाटा नेमक्या बुधाच्या अंगणात उतरत. त्या पट्ट्यात जोरकस झोत सुटला की त्यातले वेगवान कण त्या वाटांनी धावत येत आणि पोशाखातून आरपार जाऊन माणसाला आतून भाजत. गावाने त्या पट्ट्याचे नाव ठेवले होते उंबरठा, आणि त्या कणांच्या माऱ्याचे नाव झळ.

झोत यंत्रात दिसला की भोंगा वाजे. त्यानंतर अठरा मिनिटांत झळ येऊन थडके. कड्यावरून उतरून सुरक्षित दारापर्यंत यायला मात्र पस्तीस मिनिटे लागत. वर आडोसा खणावा तर खडक भुसभुशीत, टिकत नसे. झोत सुटण्याआधीच तो सुटणार हे कळायला हवे होते, आणि ते कुणालाच कळत नव्हते.

वत्सला बेडेकरचे यजमान श्रीधर या कमी पडणाऱ्या सतरा मिनिटांतच गेले होते. त्याला दीड वर्ष झाले होते.

वत्सला सूर्यघरात काम करी. कड्यावरच्या एका उंच खांबावर सूर्याकडे तोंड करून फिरणारा आरसा होता. त्याने धरलेला प्रकाश उभ्या नळीतून खाली सूर्यघरात येई आणि एका खास लाल काचेतून गाळला जाई. मग त्याचे दोन भाग होत. एक भाग यंत्रात जाई आणि शास्त्रज्ञांच्या पडद्यावर चित्र उमटे. दुसरा भाग भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर पडे, तो केवळ आरसा सरळ आहे की कलला हे पाहण्यापुरता. फळ्यावर दोन हात रुंदीचा कुंकवासारखा लाल सूर्य दिसे. त्याच्याकडे वत्सलाखेरीज कुणी ढुंकून पाहत नसे.

ती अंघोळ करून यायची, नळीतले आरसे आणि काचा पुसायची, मग फळ्यासमोर उभी राहून ताम्हनात तीन पळ्या पाणी सोडायची आणि सूर्य डोळे भरून पाहायची. तोवर तोंडात काही घालायची नाही. चिपळूणला असताना चातुर्मासापुरते असलेले हे व्रत इथे बारमाही झाले होते. ताम्हनातले पाणी ती पुन्हा टाकीत ओतायची. सावलीनगरात थेंबही वाया घालवू नये, हाही धर्मच होता.

"वहिनी, अजून उपाशीच?" त्या सकाळी कुंदाने दारातून डोके आत घातले. कुंदा तिची धाकटी नणंद, आरसेमाळेवरच्या तुकडीची मुकादम. अंगात जाडजूड पोशाख, काखेत शिरस्त्राण आणि तोंडात पोळीचा घास.

"काचा पुसून होऊ देत. मग दर्शन, मग जेवण."

"माझ्या डोक्यावर आठ-आठ तास बसलेला असतो तो. काही निरोप असला तर सांग."

"म्हणावं, आमच्या वन्संना सांभाळा."

"दादाला सांभाळलं तसंच ना?" कुंदा बोलून गेली आणि स्वतःच ओशाळली. "जाऊ दे गं. नशीब एकेकाचं. आज चौदाजण आहोत, मोठा आरसा चढवायचाय. चार बोल्ट कसले की सुटलो."

ती गेल्यावर दोन तासांनी डॉ. तन्वीर मुजावर आले. ते मिरजेचे, सूर्यघराचे प्रमुख. वयाने वत्सलापेक्षा लहान, म्हणून तिला ताई म्हणत, आणि काही बोलायचे असले की आधी घसा खाकरत.

"ताई, रागावू नका, पण एक सांगायचं होतं. सफाईने आज परत एक केस पुसला."

सफाई ही कुणी बाई नव्हती. चित्रावरची धूळ, तंतू, ओरखडे ओळखून ते आपोआप पुसून टाकणारी ती एक आज्ञावली होती. शास्त्रज्ञांच्या पडद्यावर पोचणारा सूर्य तिने असा घासूनपुसून स्वच्छ केलेला असे.

वत्सलाचा चेहरा उतरला. "डॉक्टर, मी डोक्याला फडकं बांधून पुसते. माझा केस नाही तो. कुठे होता?"

मुजावरांनी हातातल्या पाटीवर बोट ठेवले. "इथे. उंबरठ्यात."

वत्सलाने फळ्याकडे पाहिले आणि हलकेच हसली. "ती होय? ती वात आहे."

"कसली वात?"

ती घुटमळली. व्रतात जे दिसते ते आपल्यापुरते ठेवावे, बोलून दाखवले की फळ उणावते, असे तिच्या आईने शिकवले होते. तीन वर्षे ती ते पाळत आली होती. पण काचेवर केस ठेवल्याचा आळ तिला सोसवेना.

"ही बघा. तांदळाच्या दाण्याएवढी लांब, केसासारखी बारीक, काळी. कधी इथे दिसते, कधी तिथे. मला समईतली वात आठवते. आधी पडून असते, मग हळूहळू उचलली जाते आणि नाहीशी होते."

"ताई, तो काचेवरचा तंतूच असणार. सूर्यावर असलं काही आम्हाला कधी दिसलं नाही."

"मग असं करा," वत्सला म्हणाली, "तो खांबावरचा आरसा केसभर कलवा. काचेवर घाण असली तर सूर्य सरकेल आणि घाण जागेवर राहील. रोज पुसणाऱ्या बाईला एवढं कळतं."

मुजावरांनी खटका फिरवला. फळ्यावरचा लाल सूर्य चार बोटे डावीकडे सरकला. वात त्याच्याबरोबर सरकली.

मुजावरांनी फळ्यापाशी जाऊन नाक जवळजवळ टेकवले. "ही तर वर आहे," ते पुटपुटले. "सूर्यावर आहे."

"मी तेच म्हणतेय." वत्सलाही जवळ आली, आणि तिचा आवाज बदलला. "डॉक्टर, ही मघाशी सरळ होती. आता मधून वाकली आहे. उठायला लागली."

"उठली की काय होतं?"

वत्सलाने डोळे मिटले. हे तिने कधी एकत्र मांडून पाहिलेच नव्हते. दर्शन वेगळे, भोंगा वेगळा. "भोंगा वाजतो," ती म्हणाली. "उंबरठ्यातली उठली की त्या दिवशी भोंगा वाजतो. गेल्या महिन्यात तीनदा. तिन्ही वेळा."

वर कड्यावर चौदा माणसे होती.

मुजावरांनी बिनतारी यंत्र उचलले. "कुंदा, मुजावर बोलतोय. सगळ्यांना घेऊन खाली ये."

"भोंगा कुठे वाजलाय?"

"वाजायच्या आत ये."

"डॉक्टर, दोन बोल्ट कसलेत, दोन राहिलेत. वीस मिनिटं द्या. असाच सोडला तर आरसा घसरून कड्याखाली जाईल. कशावरून म्हणताय हे?"

मुजावर थांबले. एका फळ्यावरच्या एका रेघेवरून, असे कसे सांगणार? वत्सलाने त्यांच्या हातातून यंत्र घेतले.

"वन्सं, मी बोलतेय. मीच त्यांना सांगितलं."

"तू? वहिनी, तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत काही नाही. दिसतंय."

"आणि झळ आली नाही म्हणजे? सगळं गाव म्हणेल, मुकादमाने देवभोळ्या भावजयीच्या नादी लागून आरसा घालवला."

"म्हणू देत. मी चारचौघांत सांगेन की चूक माझी. पण आत्ता उतरा. तुमच्या भावाने माझा शब्द कधी मोडला नाही. तुम्हीही मोडू नका."

पलीकडे नुसती खरखर ऐकू आली. मग कुंदाचा आवाज, दुसऱ्या कुणाला उद्देशून: "मेल्यांनो, बघत काय बसलात? हत्यारं तिथेच टाका. उतरा."

फळ्यावरची वात धनुष्यासारखी वाकत गेली. पंधरा मिनिटे. पंचवीस. मुजावर एकदा फळ्याकडे बघत, एकदा घड्याळाकडे. वत्सलाच्या ओठांची हालचाल चालू होती, आवाज नव्हता. छत्तिसाव्या मिनिटाला वात एकाएकी दिसेनाशी झाली, आणि त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर, किरीटाच्या चित्रात, नेमक्या त्या जागी एक ठिणगी पेटून तिच्यातून पांढरा झोत सरळ वर सुटला.

भोंगा वाजला तेव्हा बाराजण दाराच्या आत होते आणि दोघे शिडीवर. झळ आली तेव्हा कड्यावर फक्त आरसा होता. मोजमापाचा काटा टोकाला जाऊन अडकला आणि बराच वेळ तिथेच थरथरत राहिला. चौदाजण दाराआडून त्या काट्याकडे पाहत होते.

कुंदा सूर्यघरात आली ती घामाने निथळत. वहिनीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दोन बोल्टवर लटकतोय मेला. पडला नाही." मग खुर्चीत बसून हसायला लागली. हसता हसता रडली. मग तिने वत्सलाचा न खाल्लेला डबा उघडला आणि पहिला घास वहिनीच्या तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी मुजावरांनी वत्सलाला समजावून सांगितले, आणि सांगता सांगता ते त्यांनाही अधिक उमजत गेले.

"आतापर्यंत आम्ही समजत होतो, सूर्याच्या पोटातून नवा चुंबकी फुगा वर येतो आणि वरच्या रेषांवर आदळतो, म्हणून झोत सुटतो. म्हणून आम्ही फुगे शोधत बसलो. पण कारण उलटं आहे. सूर्याच्या पृष्ठभागावर उत्तर नि दक्षिण असे चुंबकी ठिपके असतात. दोन विरुद्ध ठिपके सरकत सरकत एकमेकांना भिडतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. त्यांच्या सीमेवर रेषांना पीळ पडत जातो."

"सुताला पडतो तसा?"

"तसाच. आणि त्या पिळात थोडा थंड वायू अडकतो. थंड म्हणजे आठ-दहा हजार अंश. भोवतीचा किरीट दहा-वीस लाख अंशांचा, त्यापुढे थंडच. तो काळा दिसतो. ती तुमची वात."

वत्सलाने मान हलवली. "वाती वळताना सूत जास्त पिळलं तर मधूनच उसळतं, गाठ मारून बसतं."

"ते उसळणंच. वात वर उठते, वरच्या रेषांना धडकते, रेषा तुटतात आणि दुसऱ्याच रेषांशी जोडल्या जातात. त्या जोडणीत साठलेली सगळी शक्ती एकदम मोकळी होते आणि वायू तापून झोताने उडतो. आम्ही ज्वाळा पाहत होतो, ताई. तुम्ही वात पाहत होता."

"पण तुमच्या चित्रात ती दिसली कशी नाही?"

मुजावरांनी घसा खाकरला. सफाई जे पुसते ते कायमचे टाकत नसे. एका केराच्या टोपलीत तारखेसह साठवून ठेवत असे. ती टोपली त्यांनी आदल्या रात्रीच उघडली होती. साडेतीन वर्षांत उंबरठ्यातून चारशे बारा जोरकस झोत सुटले होते. त्यातल्या तीनशे एक्क्याण्णव झोतांच्या आधी सफाईने त्याच जागेवरचा एक केस पुसला होता. विसांतले एकोणीस.

"बारीक, काळं, लांबट दिसेल ते पुसावं, ही आज्ञा मी लिहिली," ते म्हणाले. "श्रीधररावांच्या दिवशीचाही केस त्या टोपलीत आहे. झोताच्या चाळीस मिनिटं आधीचा."

"त्या सकाळी मी ती पाहिली होती," वत्सला म्हणाली. "हात जोडले होते. वाटलं, देवाने आपली समई दाखवली. तुम्ही ती केर म्हणून टाकली डॉक्टर, आणि मी प्रसाद म्हणून पदरात बांधून ठेवली. दोघांनीही कुणाला विचारलं नाही."

हे तिने कुंदालाही सांगितले. न सांगून चालणार नव्हते. कुंदा दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्यावर राग नाही. फक्त तेव्हा मी नशीब म्हणाले होते. आता तो शब्द तोंडात येत नाही."

त्यानंतरचे वर्ष सावलीनगराच्या भाग्याचे होते. वात पाहून झोत ओळखण्याच्या रीतीला मुजावरांनी वातवेध असे नाव दिले आणि शोधनिबंधावर पहिले नाव वत्सला बेडेकर असे घातले. पृथ्वीवरून अभिनंदनाचे निरोप आले. शुक्राकडे जाणारी जहाजे, चंद्रावरच्या वस्त्या, सगळ्यांनी वात पाहायला सुरुवात केली. तेरा महिन्यांत कड्यावर एकही माणूस झळीत सापडला नाही. आरसेमाळ पुरी झाली. शेवटचा आरसा फिरला त्या दिवशी विवराच्या तळावर, जिथे ग्रह जन्मल्यापासून काळोख होता तिथे, ऊन पडले. माणसे पोशाख चढवून घराबाहेर येऊन आपापली सावली एकमेकांना दाखवत होती.

आणि गावसभेने ठराव केला की वत्सलाताईंनी फळा पाहून 'जा' म्हटल्याशिवाय कुणी वर जायचे नाही.

"हे तुम्ही सांगायला हवं," ती मुजावरांना म्हणाली होती.

"मी आकडा सांगू शकतो, ताई. माणसं आकड्यावर जात नाहीत. कुणीतरी सांगितलं म्हणून जातात."

मग तो दिवस आला. आरसेमाळेच्या अगदी टोकाचा आरसा जागचा सरकला. त्याच्यावर आरोग्यघराची ऊब चाले, आणि तिथे दोन बाळंतिणी होत्या, कमी दिवसांची बाळे घेऊन. साठवलेली ऊब सहा तास पुरणार होती. टोकापासून परतायला पस्तीस मिनिटे नव्हे, सव्वा तास लागे. वात उठताना पाहून हाक मारली तरी माणसे वेळेत पोचणार नव्हती. आणि फळ्यावर, उंबरठ्यात, कालपासून एक वात पडून होती. सरळ, निश्चल.

"हिचं काय होईल?" वत्सलाने विचारले.

"अशा निम्म्या विरून जातात," मुजावर म्हणाले. "निम्म्या उठतात. याच्यापलीकडे मला सांगता येत नाही."

दारात कुंदा आणि तिची बारा माणसे पोशाख चढवून उभी होती. वत्सला वळली तर कुंदाने हात जोडलेले होते. ती कुंदा, जिने उभ्या जन्मात देवापुढे हात जोडले नव्हते. तिच्या मागे बाराही जणांचे हात जोडलेले.

"वन्सं, हात खाली करा," वत्सला म्हणाली.

"तू सांग. मग करते."

वत्सलाने फळ्याकडे पाहिले. वात जशीच्या तशी होती. तिने तान्ह्या बाळांचा विचार केला, समोरच्या तेरा चेहऱ्यांचा केला. तिला जे ठाऊक होते ते निम्मे होते, आणि उरलेले निम्मे कुणाकडे मागावे ते कळेना.

"जा," ती म्हणाली.

ते गेले. तीन तास वत्सला पापणी न हलवता फळ्यासमोर उभी होती. पहिल्या तासात काही झाले नाही. दुसऱ्या तासात वातीचे एक टोक जरा फिकट झाले. तिसऱ्यात ती मधून तुटली, विस्कटली आणि लाल सूर्यात कुठे मिसळून गेली ते कळलेही नाही. झोत सुटला नाही. टोकाचा आरसा फिरला, आरोग्यघराच्या भिंतीवर ऊन आले, आणि तेराही जण धडधाकट परतले. गाव लोटले. कुणीतरी ताशा काढला. माणसे एकेक करून पुढे आली आणि वत्सलाच्या पाया पडली. कुणी म्हणाले, ताईंना आधीच दिसलं होतं. कुणी आपले बाळ तिच्या पायांवर घातले.

तिला काहीही दिसले नव्हते. हे तिने दोनदा सांगितले; ताशाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेले नाही. ज्यांना गेले, त्यांनी तो विनय समजला.

सगळे पांगल्यावर कुंदा मागे राहिली. "उद्या आठजण पाठवायचेत," ती म्हणाली. "कितीला येऊ विचारायला?"

"सकाळी लवकर या," वत्सला म्हणाली.

मग ती फळ्याकडे वळली. तिचे हात सवयीने जुळले आणि तसेच राहिले. यांना सांभाळ, एवढेच ती इतकी वर्षे मागत आली होती. ते मागणे ऐकले गेले होते, पुरेपूर ऐकले गेले होते. आता उत्तर द्यायचे कामही त्याने तिच्याकडेच सोपवले होते, आणि स्वतः फळ्यावर लालबुंद, शांत, गप्प बसला होता.